सोलापूरच्या किलोमीटरनं पिन व्हॅली मोजू नका

पत्र असं आहे, थोडं कमी करून देते:

“ताई, वय ४४, नवी पेठेत इलेक्ट्रिकचं छोटं दुकान आहे. गेली तीन वर्षं रोज सकाळी सायकल चालवतो, रविवारी तुळजापूर नाहीतर अक्कलकोट ठरलेलं, पंढरपूर जाऊन येऊन एका दिवसात दोनदा केलंय. आता हिमाचलातलं पिन व्हॅली नॅशनल पार्क डोक्यात बसलंय. मे महिन्यात १२ दिवस काढतोय, सोलापूर ते सोलापूर. शिमल्यापासून रोज ८५-९० धरून पाचव्या दिवशी काझा, सहाव्या दिवशी मूद गाव, पार्क सायकलवरून बघायचं आणि कुंझुम पास करून मनालीला उतरायचं. बरोबर मित्र आहे, त्यानं दिवाळीत सायकल घेतली. घरी ‘शिमल्याला चाललोय’ एवढंच सांगितलंय. सायकल कशी असावी, तयारी काय करावी आणि मुळात हे जमेल का? – पिनवेडा, जुळे सोलापूर”

पिनवेडे भाऊ,

आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. पिन व्हॅली तुम्हाला जमेल. पण हा जो प्लॅन तुम्ही लिहिलाय तो जमणार नाही, तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी किन्नौरमध्ये कुठंतरी मोडणार आणि मग तुम्ही आणि तुमचे मित्र एकमेकांचं तोंड बघत येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकला हात करत उभे राहणार. पायात दम नाही म्हणून नव्हे, पंढरपूर जाऊन येऊन म्हणजे १४५ च्या आसपास, ते एका दिवसात करणाऱ्याच्या पायाला मी कशाला नावं ठेवू. घोळ आकड्यात आहे. तुम्ही हिमालय सोलापूरच्या किलोमीटरनं मोजलाय.

बघा, आपलं तुळजापूर घ्या. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या घरात, म्हणजे ४५ किलोमीटरमध्ये मिळून चढ दोनेकशे मीटर, आणि त्यातला जो काही खरा चढ आहे तो शेवटच्या घाटात, तिथं आपली जीभ बाहेर येते आणि परत येताना हिप्परगा तलावाजवळ चहा पिताना आपण त्याच घाटाच्या गप्पा मारतो. आता तुमच्या रस्त्यावरचं खाब बघा. स्पीती नदी येऊन सतलजला मिळते ती जागा. तिथून नाको गाव तीसेक किलोमीटर, पण खाब अडीच हजार मीटरच्या आसपास आणि नाको ३,६०० च्या वर. अकराशे मीटरच्या वर चढ, म्हणजे पाच-साडेपाच तुळजापूर एकावर एक रचलीत, मधे सपाटी जवळजवळ नाही, मागं पंधरा किलो सामान आणि वर हवा विरळ. तिथं ताशी पाच-सहाच्या स्पीडनं चाललात तरी मी तुम्हाला शाबास म्हणेन. आणि हे आधीच सांगते, शिमल्याहून निघालात की नारकंड्याला २,७०० मीटरवर चढायचं आणि मग रामपूरला पार हजार मीटरपर्यंत उतरायचं, म्हणजे दोन दिवस घाम गाळून मिळवलेली उंची सगळी परत द्यायची, तीही टूरिस्ट गाड्यांच्या गर्दीत.

म्हणून पहिलं काम, तुमचा तक्ता फाडा आणि नवा करा, त्यात रोजच्या किलोमीटरच्या शेजारी दोन रकाने काढा, आज किती मीटर चढ आणि आज रात्री किती उंचीवर झोपणार. दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. तो का ते माझ्यावर बेतलेलं सांगून सांगते, कारण नुसता नियम सांगितला की लोक मान डोलावतात आणि विसरतात.

मी पहिल्यांदा त्या बाजूला गेले तेव्हा आमच्याकडं दिवस कमी होते, तुमच्यासारखेच, म्हणून शहाणपणा करून शिमल्याहून जीपनं थेट पूहला गेलो, तिथं सायकली उतरवल्या, एक रात्र झोपलो आणि दुसऱ्या दिवशी नाको चढलो. चढताना मी सगळ्यांच्या पुढं होते, काय सांगू, फोटो बिटो काढत. पूह २,६०० च्या पुढं, नाको ३,६०० च्या पुढं, म्हणजे झोपायची उंची एका दिवसात हजार मीटरनं वर. संध्याकाळी नाकोच्या तळ्याला एक फेरी मारली तेव्हा डोकं जड होतं, म्हटलं ऊन लागलं असेल. रात्री बाराला जाग आली ती कुणीतरी कवटीच्या आत पाटा-वरवंटा फिरवतंय अशी. मग उलटी. पाणी प्यायलं की परत उलटी. खोलीच्या खिडकीतून एवढ्या चांदण्या दिसत होत्या की आयुष्यात कधी बघितल्या नाहीत, आणि मी स्टीलच्या तांब्याकडं बघत बसलेली. सकाळी बरोबरच्यांना मी सांगत होते, मी ठीक आहे, चला पुढं. नशीब त्यातल्या एकानं ऐकलं नाही. गाडी केली आणि मला रेकाँग पिओला खाली आणलं, २,३०० मीटरवर, आणि दुपारी चारला मी दोन प्लेट राजमा-चावल खाल्ला. औषध कसलं नाही, फक्त खाली उतरले. त्या वर्षी पिन व्हॅली राहिली ती राहिलीच, दुसऱ्या वर्षी जाऊन बघितली.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेवढंच असतं, २१ टक्के, पण हवेचा दाबच उतरतो म्हणून मूदच्या उंचीवर, पावणेचार हजार मीटरच्या पुढं, एका श्वासात समुद्रसपाटीच्या साधारण ६२-६३ टक्केच पदरात पडतो. शरीर ते शिकतं, पण त्याला रात्री लागतात. तीन हजार मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांत एक दिवस मुक्काम तिथंच, हा डॉक्टर लोकांचा ढोबळ नियम आहे. दिवसा वर चढून रात्री खाली झोपलात तर चालतं, उलट चांगलंच. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं इथपर्यंत असेल तर आहात तिथंच थांबा, वर जाऊ नका. पण माणूस बसल्या जागी धापा टाकायला लागला, खोकला ओला झाला, किंवा बरळायला लागला, तर थांबण्याचासुद्धा प्रश्न नाही, रात्रीचे दोन वाजलेले असोत, खाली. एक सोपी परीक्षा आहे, एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचा अंगठा लावत लावत सरळ रेषेत चालायला सांगायचं. दारू न पिता ज्याचा तोल गेला त्याला गाडीत घाला. आणि ‘मी ठीक आहे’ हे आजारी माणसानं म्हटलेलं धरायचं नाही, माझ्यावरून सांगते. उंचीच्या त्रासावर डायमॉक्स नावाची गोळी असते, सगळे एकमेकांना वाटतात शेंगदाण्यासारखी, तसं करू नका, सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती भोवू शकते, आपल्या डॉक्टरला विचारूनच. ४४ वय आहे तर जाताना बीपी आणि स्ट्रेस टेस्ट करून घ्या, घाबरवत नाही, मीपण करते.

आता नवा तक्ता. मी तुमच्या जागी असते तर शिमला-रामपूर हा भाग सायकलनं केलाच नसता. बसनं रामपूर गाठा, सायकली टपावर. तिथं सायकल जोडा आणि सुरुवात करा. पहिला दिवस सतलजच्या काठानं टापरीपर्यंत, साठ-पासष्ट किलोमीटर. दुसरा दिवस छोटा दिसतो पण फसवा आहे, कारचमवरून पोवारी आणि तिथून नदी सोडून पिओचा चढ, आणि अंगात असेल तर आणखी वर कल्पा, ३,००० च्या जरा खाली. कल्पाला एक पूर्ण दिवस काहीही करू नका. समोर किन्नर कैलास आहे, त्याच्याकडं बघत कपडे वाळवा. मग पूह, मग नाको, ही उडी वरच्या नियमापेक्षा मोठी आहे, म्हणूनच आधीचा कल्पाचा दिवस चुकवायचा नाही, आणि नाकोला परत एक दिवस, तळ्याला फेऱ्या मारा. नाकोहून सुमदोवरून ताबो, पासष्टच्या आसपास, इथं छान गोष्ट अशी की नाकोपेक्षा ताबो खाली आहे, सव्वातीन हजाराच्या आसपास, म्हणजे शरीराला उसंत मिळते. ताबोची गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इसवी सन ९९६ ची, मातीची, बाहेरून बघितली तर वाटतं कुणाचं तरी धान्याचं कोठार असावं, आत भिंतीवर जे रंगवलंय ते बघायला दोन तास ठेवा, फोटो काढायला बंदी आहे ते बरंच आहे. ताबोहून काझाच्या दिशेनं तीसेक किलोमीटरवर अत्तरगूचा पूल लागतो, तिथं स्पीती सोडून डावीकडं पिन नदीच्या दरीत शिरायचं. पुढं मूद तेहतीस-चौतीस किलोमीटर आहे पण एका दमात करू नका, गुलिंग नाहीतर सगनमला मुक्काम, दुसऱ्या दिवशी मूद.

मूदला एक दिवस पायी फिरायला, मग परत काझा, पन्नासेक किलोमीटर, आणि काझाहून सायकल बसवर. कुंझुम सोडा. मला माहितीय हे वाचून तुम्ही नाराज होणार, कारण ४,५५१ मीटर म्हटलं की आपल्याला दिसतो तो पाटीजवळचा फोटो. पण त्याच्या पलीकडं बातल ते ग्राम्फू म्हणजे रस्ता कमी आणि ओढ्याचे गोटे जास्त, आणि एवढ्या दिवसांच्या थकव्यानंतर तो भाग कापायला तुमच्याकडं ना दिवस आहेत ना गरज आहे. तुम्हाला पिन बघायचीय ना, मग पिन बघा. सगळे मिळून मोजलेत तर सायकलचे नि मुक्कामाचे ११ दिवस, कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली आणि तिथून रामपूर, परत येणं आणि दोन दिवस रस्ता बंद पडायचे धरून, सतरा-अठरा दिवस. ते दोन दिवस चैन नाहीत हो. तिकडं दरड पडली की पडली, मशीन येईपर्यंत बसायचं.

पार्क सायकलवरून बघायचं हे जे लिहिलंय त्याबद्दल. पिन व्हॅली नॅशनल पार्क १९८७ चं, गाभ्याचं क्षेत्र ६७५ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या आरपार जाणारा गाडीरस्ता नाही. आपण ज्या रस्त्यानं जातो तो पार्कच्या कडेकडेनं गावांना जोडत मूदपर्यंत जातो. मूदला सायकल होमस्टेच्या भिंतीला टेकवायची आणि पुढं पायी, बरोबर गावातला माणूस घेऊन, आणि परवानगी काय लागते ते काझाला वनखात्याच्या ऑफिसात आधी विचारून. आपल्याकडं नान्नजला माळढोक बघायला जाताना कसं, १९७९ पासून अभयारण्य आहे, आणि तरी आपली काही शहाणी पोरं माळरानात बाइक घालतात, मग पक्षी कुठला दिसणार. तिथं तेच. आयबेक्स, म्हणजे डोंगरातले रानबोकड, दिसतील, डोंगरकडेला दगडासारखे उभे असतात आणि दगड चालायला लागला की कळतं. हिमबिबट्या दिसेल म्हणून जाऊ नका, सप्टेंबरात तो वर असतो. तो तुम्हाला बघेल एवढं नक्की. हा सगळा भाग शीत वाळवंट जीवावरण राखीव क्षेत्रात येतो आणि २०२५ मध्ये युनेस्कोनं त्याला आपल्या जागतिक जाळ्यात घेतलं, त्यामुळं गर्दी वाढणारच आहे, आपण तरी चॉकलेटचे कागद परत आणावेत. मी एक रिकामी दुधाची पिशवी हँडलला बांधते, दिवसभराचा कचरा त्यात.

सप्टेंबर म्हटलं ते वाचलंत ना. मे नको. मेमध्ये शिमल्याला अख्खा उत्तर भारत आलेला असतो आणि वर पिनमध्ये रात्री अजून कडाक्याच्या असतात, आणि मुख्य म्हणजे तुमची तयारी होणार नाही, मार्च-एप्रिलमध्ये सोलापूरच्या उन्हात सकाळी आठनंतर सायकल चालवून दाखवा मला. जुलै-ऑगस्ट तर नावच काढू नका. स्पीतीत पाऊस कमी पण तिथं जायचा रस्ता किन्नौरमधून आहे आणि किन्नौरचे डोंगर पावसात सुटतात, ऑगस्ट २०२१ मध्ये निगुलसरीला बस दरडीखाली गेली ती ह्याच रस्त्यावर. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचे पहिले दिवस उत्तम, आभाळ स्वच्छ, ओढ्यांना पाणी कमी.

आता तुम्ही म्हणाल सप्टेंबरात गणपती, मग नवरात्र, दुकान सोडून जायचं कधी. अहो, मधला पितृपंधरवडा कुणासाठी ठेवलाय! त्या पंधरा दिवसांत कुणी नवीन पंखा घेत नाही की मिक्सर घेत नाही, नवी पेठेत माशा मारत बसण्यापेक्षा जा. लोक म्हणतील पितृपक्षात कसला प्रवास, म्हणू देत. विसर्जन झालं की लगेच निघालात तर घटस्थापनेच्या एक-दोन दिवस इकडं-तिकडं परत, जेमतेम बसतंय. फक्त वडीलधाऱ्यांची तिथी मधे येत असेल तर घरी आधी बोला, सर्वपित्रीला करतात म्हणे, ते गुरुजींना विचारा, माझा विषय नाही तो.

म्हणजे तुमच्याकडं आठ-नऊ महिने आहेत. तयारीला लांब जायची गरज नाही पण एकदा तरी जा. आठवड्याला एकदा तुळजापूर घाट, पण देवीला जाऊन परत नाही, घाटच वरखाली, आधी चार वेळा, मग सहा, मग दहा, आणि मागच्या पिशव्यांत खरं सामान. खरं म्हणजे खरं, पाण्याच्या बाटल्या भरून नाही, तेच कपडे, तेच टूल, तीच स्लीपिंग बॅग, कारण तिसऱ्या फेरीला कळतं की कुठली पिशवी टायरला घासते. आणि थंडीत एकदा पोलादपूरला जा. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वर, चाळीसेक किलोमीटर, जवळजवळ समुद्रसपाटीपासून १,३५० मीटरपर्यंत. खाब ते नाकोचा चढ हाच आहे, फक्त ऑक्सिजन पूर्ण. सामानासकट तो चढ संध्याकाळपर्यंत पूर्ण झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत सायकलवर बसावंसं वाटलं तर तुम्ही तयार. पहिल्या दिवशी सगळेच चढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कोण काय बोलतंय ते बघा.

ह्यातच तुमच्या मित्राचं उत्तर आहे. त्यांनी दिवाळीत सायकल घेतली म्हणून ते येऊ शकत नाहीत असं मी म्हणणार नाही, आठ महिन्यांत माणूस कुठल्या कुठं जातो. पण पोलादपूरला बरोबर न्या, आणि दोघांत जो सावकाश आहे त्याच्या हिशेबानं तक्ता लिहा. निघायच्या आधी एक ठरवा, घरी बसून, चहा पिताना, डोकं थंड असताना. दोघांपैकी एकाला उतरावं लागलं तर दुसरा काय करणार? दोघं उतरणार असं असेल तर ते आत्ता बोला. वर नाकोला रात्री बाराला हे बोलायला गेलात की मैत्री तुटते, मी बघितलंय.

सायकल. कुठल्या कंपनीची ते विचारू नका, मी सांगणार नाही, जी आहे तिला आधी बघा. तुम्ही लिहिलं नाहीत पण रोजची चालवायची बहुतेक हायब्रिड असणार. चालेल. फक्त सगळ्यात हलका गिअर बघा, पुढच्या सगळ्यात छोट्या चकतीचे दात आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात मोजा, पुढचे दात मागच्यापेक्षा कमी पाहिजेत, पुढं २२ मागं ३४ असेल तर देव पावला. पुढचे जास्त असतील तर दुकानात जाऊन मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा जुडगा, बदलता येते का विचारा. गुडघे आपले, पैसे परत मिळतात. टायर जमेल तेवढे रुंद, दोन इंचापर्यंत बसले तर उत्तम, कारण पिनमधला रस्ता जागोजागी डांबर सोडून दगड होतो. आपल्याकडं पंक्चर म्हणजे वेड्या बाभळीचा काटा, तिथं दगडावर हवा कमी असताना आपटलं की ट्यूबला सापानं चावल्यासारखी दोन भोकं पडतात, म्हणून हवा रोज सकाळी अंगठ्यानं दाबून बघायची. उताराला ब्रेक सतत धरून ठेवायचे नाहीत. दाबा, सोडा, दाबा, सोडा. पॅडचे दोन जोड जास्तीचे न्या. ओढे रस्त्यावरून वाहतात, ते सकाळी ओलांडा, दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी चढतं, सकाळी घोट्याएवढं असलेलं चारला गुडघ्याला लागतं.

आणि हँगर! मागचा गिअर ज्या छोट्याशा ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो ना, बोटाच्या दोन पेरांएवढा, त्याला डिरेलर हँगर म्हणतात. तो मुद्दाम मऊ केलेला असतो म्हणजे मार लागला तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. दुसऱ्या वर्षी मी सायकल खोक्यात भरताना आळस केला, मागचा गिअर काढून फ्रेमच्या आत बांधायला पाहिजे होता तो तसाच ठेवला, आणि रामपूरला खोकं उघडलं तर हँगर आत वाकलेला, चेन हलक्या गिअरवर टाकली की गिअर स्पोकला टेकणार. एका वेल्डिंगवाल्याच्या दुकानात पान्ह्यानं, मी एकीकडून चाक फिरवतीय आणि तो डोळा मिटून अंदाज घेतोय असं करत अर्ध्या तासात सरळ केला. झाला सरळ. पण पुढचे बारा दिवस प्रत्येक चढाला मी खाली बघत होते. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, दुसऱ्याचा बसत नाही, म्हणून आपल्या मॉडेलचा एक जास्तीचा आधीच मागवून टूलच्या पिशवीत टाका. त्याशिवाय दोन ट्यूब, पॅच, तुटलेली चेन जोडायचं क्विक लिंक, गिअरची आणि ब्रेकची केबल, चार स्पोक, झिप टाय. तुम्ही इलेक्ट्रिकवाले, झिप टायची कमी नसेल.

खाण्याचं. लोक महागाच्या एनर्जी बारवर हजारो घालवतात आणि आपण सोलापूरकर असून कडक भाकरी विसरतो. ज्वारीची कडक भाकरी कोरडी राहिली की कितीतरी दिवस टिकते, वजन नाही, आणि शेंगा चटणी म्हणजे तेल आणि प्रथिनं दोन्ही. उंचीवर भूक मरते, गोड नको होतं, तेव्हा तिखट जातं. डब्यात भाकऱ्या मोडून उभ्या भरा, आख्ख्या ठेवल्या तर पहिल्या खड्ड्यातच भुगा. मूदला मी उतरले होते तिथल्या आजीनं रात्री थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, दिला, मी त्यात भाकरी कुस्करली, त्या बघत राहिल्या, मग हात पुढं केला. एक तुकडा त्यांना दिला, त्यांनी तो चावला नाही, आधी दोन बोटांत धरून दिव्याला धरून बघितला, पातळ आहे म्हणून पलीकडचा उजेड दिसतो का ते. मग थुक्प्यात बुडवून खाल्ला आणि हसल्या. चटणी मात्र त्यांना झेपली नाही. तिथं स्वतः शिजवायच्या भानगडीत पडू नका, त्या उंचीला पाणी ८७-८८ डिग्रीलाच उकळतं, कुकरशिवाय डाळ शिजत नाही, गावात जे मिळेल ते खा. पाणी भरपूर, पण पहिले तीन-चार दिवस दारू अजिबात नको आणि झोपेची गोळीही नको. रोख पैसे रामपूर-पिओपर्यंत काढून घ्या, काझाला एटीएम आहे पण त्याच्या भरवशावर राहू नये. मोबाइलचंही तेच, पिनमध्ये रेंज आली तर बोनस.

राहिलं घर. भाऊ, ‘शिमल्याला चाललोय’ हे खोटं नाही, पण हे सांगणंही नव्हे. वहिनींना समोर बसवून नकाशा दाखवा, कुठं झोपणार, कुठं फोन लागणार नाही, ते दाखवा. अर्धी भीती न कळण्याची असते, आणि त्या विचारतील ते प्रश्न तुमच्या मित्रानं विचारलेल्या प्रश्नांपेक्षा चांगले असतील, लिहून घ्या. नव्या तक्त्याची एक प्रत फ्रिजवर लावा, प्रत्येक गावापुढं तारीख, आणि शेवटी एक ओळ, अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तरच काळजी करायची आणि कुणाला फोन लावायचा. ती तारीख ठरवताना दोन दिवस सैल ठेवा, नाहीतर दरड पडून तुम्ही चहा पीत बसलेले असाल आणि इकडं जुळे सोलापूरमध्ये पाहुणे गोळा झालेले असतील.

पोलादपूरहून वर पोचलात की दुसऱ्या दिवशी सकाळचं काय झालं ते कळवा. मित्राचंही.